लग्नाची फुलं: आधी घड्याळ, मग रंग

एका मैत्रिणीच्या लग्नात मी हौसेनं निळ्या हायड्रेंजियाचा गुच्छ केला होता. सकाळी नऊला तो इतका देखणा दिसत होता, की येणारी प्रत्येक बाई त्याला हात लावून बघत होती. लग्न साडेबाराचं. बाराच्या सुमारास नवरीनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि गुच्छ पुढे केला. भिजलेल्या कागदी रुमालासारखा पार लोळागोळा झाला होता तो. मी तो घेऊन मागच्या दारानं नळापाशी पळाले, देठ पुन्हा कापले, फुलांची डोकी बादलीत पालथी बुडवून ठेवली. पाऊण तासात फुलं परत टवटवीत झाली. पण तोवर महत्त्वाचे फोटो काढून झाले होते.

फुलांचा काहीच दोष नव्हता. हायड्रेंजिया हे नावच ग्रीक भाषेतल्या पाण्याच्या भांड्यावरून आलं आहे. या फुलाला सतत पाणी लागतं आणि ते पाकळ्यांवाटेही पाणी पितं. त्याला तीन तास कोरडंच हातात धरून ठेवायला लावलं ते मीच. तेव्हापासून कुणी लग्नाच्या फुलांचं विचारायला आलं, की मी आधी रंग विचारत नाही. विचारते, "फूल पाण्याबाहेर किती वेळ राहणार आहे?" बहुतेक जोडपी गोंधळतात, कारण त्यांच्या फोनमध्ये दोनशे फोटो साठवलेले असतात आणि त्यातल्या एकाही फोटोवर वेळ लिहिलेली नसते.

पुढचं सगळं त्याच क्रमानं सांगते.

१. कागदावर वेळा मांडा

एक कोरा कागद घ्या. लग्नात जिथे जिथे फूल असणार ती प्रत्येक जागा एकाखाली एक लिहा: हातातला गुच्छ, गळ्यातले हार, केसांत माळायची फुलं, कोटावरचं फूल, प्रवेशाची कमान, मंचाची मागची बाजू, जेवणाची टेबलं, केक, गाडी. मग प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा. फूल पाण्यातून किती वाजता बाहेर येणार आणि त्याचं काम किती वाजता संपणार. ते उन्हात असणार, सावलीत की एसीच्या झोतात. आणि त्याला किती हात लागणार.

हे तिसरं बहुतेक जण विसरतात. कोटावरच्या फुलाचंच बघा. नवरदेवाला दिवसभरात शंभर माणसं मिठी मारतात आणि प्रत्येक मिठीत ते फूल चेपतं. गार्डेनियाच्या पाकळीला बोट लागलं तरी तिथे तपकिरी डाग उमटतो. त्यामुळे कितीही सुगंधी असलं तरी कोटावर ते नको. तिथे छोटा गुलाब, बटण शेवंती, कार्नेशन किंवा एखादं डेंड्रोबियम ऑर्किड लावावं. आणि एक जास्तीचं करून ठेवावं, फोटोआधी बदलायला.

कागद भरला की फुलांचे आपोआप दोन ढीग पडतात. पाण्यात किंवा ओल्या आधारात उभी राहणारी एका बाजूला, कोरडी राहणारी दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात हौस करा, हवं ते नाजूक फूल घ्या. दुसऱ्या ढिगात फक्त काटक फुलं. माझ्या मते निम्मं काम इथेच संपतं.

२. जागा बघायला त्याच वेळी जा

लग्न संध्याकाळी सहाचं आणि जागा बघितली सकाळी अकराला, तर तुम्ही दुसरीच जागा बघून आलात. उन्हाची तिरीप कुठून येते, दिवे पिवळे आहेत की पांढरे, भिंतीचा रंग काय, हे लग्नाच्या वेळीच कळतं.

रंगांचं गणित साधं आहे. कडक उन्हात शुभ्र पांढरी फुलं फोटोत नुसता पांढरा ठिपका होऊन बसतात, पाकळ्या दिसतच नाहीत. तिथे मोतिया, साय-रंगी किंवा फिकट पीच जास्त खुलतो. संध्याकाळी नेमकं उलटं. मंद प्रकाशात गडद मरून आणि जांभळा काळपट दिसतो, दहा पावलांवरून तर फुलांच्या जागी भोकं पडल्यासारखी वाटतात. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि लव्हेंडर मरगळतो. दिवे लागल्यावर खुलतं ते पांढरं, मोतिया, फिकट गुलाबी. गडद रंग हवाच असेल तर त्याला लागून फिकट फूल ठेवा, म्हणजे कडा दिसतात.

जाताना मनातल्या रंगांचं एकेक फूल आणि कपड्यांच्या कापडाचा तुकडा घेऊन जा. जिथे उभं राहायचं तिथे ते धरून फिल्टर न लावता फोटो काढा. एवढ्यानं जे कळतं ते तासभर चर्चा करूनही कळत नाही. कापड महत्त्वाचं आहे, कारण 'पांढरा' म्हणून घेतलेला पोशाख हमखास पिवळसर निघतो आणि त्याच्यापुढे शुभ्र गुलाब ठेवले की कापड मळकं वाटतं.

तिथे असतानाच आणखी चौकशी करून घ्या: पाण्याचा नळ किती लांब आहे, खिळे-टेप लावायला परवानगी आहे का, सजावटीला जागा किती वाजता ताब्यात मिळते, किती वाजता मोकळी करून द्यायची. एसीचा झोत थेट मंचावर येत असेल तर तेही टिपा. असा सुका वारा उन्हाइतकाच फुलं सुकवतो.

३. आपली शैली शोधा

फोनमधले दोनशे फोटो उघडा आणि दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकी वीस निवडा. मग वीसचे पाच करा. त्या पाचांखाली 'मला यातलं नेमकं काय आवडलं' ते एका ओळीत लिहा. पुष्कळदा उत्तर 'फुलं' नसतंच. 'खिडकीतून येणारा उजेड', 'रिकामी भिंत', 'गर्दी नाही' अशी उत्तरं येतात. रिकामी भिंत आवडणाऱ्या माणसाला चारशे गुलाबांची भिंत कशाला? दोघांच्या पाच-पाच ओळी शेजारी ठेवल्या की जे सारखं निघेल ती तुमची शैली. तिला नाव नसलं तरी चालेल. 'व्हिंटेज', 'बोहो', 'मिनिमल' हे शब्द सजावटकारापुढे टाकले तर तो त्याच्या डोक्यातलं चित्र उभं करतो, तुमच्या नव्हे.

रंग ठरवताना ढोबळ हिशेब साठ-तीस-दहा असा ठेवा. साठ टक्के एक शांत रंग, तीस टक्के त्याचा सोबती आणि दहा टक्के एकच ठसठशीत रंग. हिरवा यात धरू नका, तो आपल्या पायांनी येतोच.

फॅशन कुठून येते हेही गमतीचं आहे. १० फेब्रुवारी १८४० ला राणी व्हिक्टोरियानं लग्नात रत्नजडित मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला आणि पांढरा पोशाख केला. पुढे कित्येक दशकं नवऱ्या तेच करत राहिल्या. १९८१ मध्ये डायना यांच्या हातात एक मीटरहून लांब, खाली झेपावणारा गुच्छ होता. ते दशक मग धबधब्यासारख्या गुच्छांचंच झालं. २०११ मध्ये विल्यम आणि केट यांच्या लग्नात गंमत झाली. केट यांच्या हातातला गुच्छ अगदी लहान, मुख्यतः लिली ऑफ द व्हॅली या इवल्या पांढऱ्या फुलांचा. पण लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या भव्य चर्चमध्ये आत आठ जिवंत झाडं, मेपलची सहा आणि हॉर्नबीमची दोन. एवढ्या उंच छताखाली फुलदाण्या मुंग्यांसारख्या दिसल्या असत्या. मला या तिन्हींतलं शेवटचं सर्वांत शहाणपणाचं वाटतं: हातातलं फूल माणसाच्या मापाचं, जागेतलं जागेच्या मापाचं.

हल्लीच्या जोडप्यांना शोभतील अशा, आणि करायलाही झेपतील अशा काही वाटा सांगते. एकाच जातीचं फूल भरपूर घेणं. नुसती पांढरी शेवंती, पण इतकी की दुसरं काही शोधावंसं वाटू नये. किंवा जमिनीलगत वाटेच्या दोन्ही बाजूंनी उगवल्यासारखी वाटणारी गवतं आणि रानफुलासारखी बारीक फुलं. टेबलावर मोठ्या गुच्छाऐवजी वेगवेगळ्या उंचीच्या पाच-सात अरुंद बाटल्या, प्रत्येकीत एकच देठ. कुंड्यांतली झाडं, जी नंतर घरी जातात. फक्त पानांची कमान आणि तिच्या एकाच कोपऱ्यात फुलांचा झुबका. दोन्ही बाजू सारख्या न केल्यानं निम्मी फुलं वाचतात आणि फोटो जास्त जिवंत येतो. सुक्या पॅम्पस गवताची लाट अजून ओसरलेली नाही. माझं फारसं प्रेम नाही त्यावर, आणि ते भुरकन पेट घेतं, तेव्हा मेणबत्ती किंवा फटाक्यांजवळ अजिबात नको.

गुच्छाचं माप घरीच ठरवा. टॉवेलाची गुंडाळी करून बेंबीच्या उंचीवर धरा आणि आरशात बघा. गुंडाळी कमरेहून रुंद दिसली तर गुच्छ नवरीला झाकणार. मग तेवढ्याच वजनाची पिशवी दहा मिनिटं त्याच हातांनी धरून उभं राहा. खांदे वर चढायला लागले की समजायचं, फोटोतही चढणार.

४. फुलाचं नाव मागू नका, काम सांगा

पिओनी उत्तर गोलार्धात साधारण एप्रिल ते जून आणि दक्षिणेत ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलते. इतर वेळी ती हवी असेल तर दूरवरून, थोडी, महाग आणि बेभरवशाची मिळते. १४ फेब्रुवारीच्या आगेमागे तर जगभर लाल गुलाब महागतो. म्हणून फुलांना मी कामानं ओळखते. तोंड मोठं असलेलं, ज्याच्यावर नजर ठरते. उंच जाणारं, जसं निशिगंध, डेल्फिनियम, स्नॅपड्रॅगन. भरणीचं, म्हणजे मधली जागा भरणारं बारीक फूल, जसं पांढरा जिप्सोफिला, वॅक्सफ्लॉवर. आणि लोंबणारं, जसं आयव्ही, जस्मिनची वेल. एका रचनेत चारही असलेच पाहिजेत असं नाही, पण एखादी रचना अर्धवट वाटली तर यातलं कोणतं काम राहिलंय ते बघावं.

असा विचार केला की पिओनी नसली तरी अडत नाही. तिच्या जागी भरगच्च बागेतला गुलाब, दुहेरी पाकळ्यांचा लिझिॲन्थस, रॅननक्युलस किंवा उन्हाळा सरताना डेलिया येतो. निळा गुलाब मागू नका. निसर्गात तो नाही, बाजारात मिळतो तो रंगवलेला असतो आणि ओल्या हाताला रंग देतो. खरा निळा हवा तर डेल्फिनियम आहे, कॉर्नफ्लॉवर आहे, आणि हायड्रेंजिया, अर्थात पाण्यात. हायड्रेंजियाचा निळा तर मातीवर ठरतो: आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम मुळांना मिळतं म्हणून निळा, नाहीतर गुलाबी.

५. कोण किती तग धरतं

पाण्याबाहेर सर्वांत काटक: ऑर्किड, कार्नेशन, शेवंती, झेंडू, वॅक्सफ्लॉवर, निलगिरीची आणि रस्कसची पानं. नीट पाणी पाजलेला गुलाब आणि लिझिॲन्थस सावलीत चार-पाच तास काढतात, उन्हात नाही. हायड्रेंजिया, ट्युलिप, स्वीट पी, पॉपी, डेलिया यांना पाण्याबाहेर काढायचंच नाही. काढलं तर देठाला पाण्याची छोटी नळी लावून.

मोगरा आणि निशिगंध यांची गोष्ट वेगळी. ही रात्रीची फुलं. कळी संध्याकाळी उमलते आणि वास अंधारात वाढतो. संध्याकाळच्या लग्नाला यांच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळच्या लग्नाला मात्र आदल्या रात्री उमललेलं फूल दुपारी पिवळं पडायला लागलेलं असतं, म्हणून घट्ट कळ्याच घ्या आणि ओल्या सुती कापडात गुंडाळून गार ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. आत घाम धरतो, पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात, बुरशी येते.

ट्युलिपची एक खोड सांगून ठेवते: तो कापल्यावरही वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो. संध्याकाळी सरळ लावलेले ट्युलिप सकाळी खिडकीकडे माना वळवून बसलेले असतात. रचना करताना तेवढी मोकळीक ठेवा, किंवा त्या वळणाचीच मजा घ्या.

लिली घ्यायची तर परागकोश उमलताक्षणी काढून टाका. तो केशरी भुगा कपड्यावर पडला तर चोळू नका, पाणी लावू नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलून घ्या. पाणी लावलं की डाग कायमचा. घरात मांजर असेल तर लिली घरी आणूच नका. पराग किंवा फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजरीची मूत्रपिंडं निकामी करतं. केकवर कण्हेर, लिली ऑफ द व्हॅली, हायड्रेंजिया ठेवू नका, ती विषारी आहेत. सजावटीसाठी वाढवलेल्या फुलांवर औषधं फवारलेली असतात, म्हणून केकवर खाण्यासाठीच पिकवलेली फुलं वापरा.

जेवणाच्या टेबलावर निशिगंध आणि वासाची लिली नको. घासागणिक अत्तर पोटात गेल्यासारखं वाटतं.

६. किती फुलं लागतील

इथे अंदाजानं बोलू नका, नमुना करा. हार किंवा माळ हवी असेल तर तीस सेंटिमीटर स्वतः ओवून बघा आणि फुलं मोजा. समजा त्यात सोळा बसली आणि माळा एकूण बारा मीटर हव्यात. बारा मीटर म्हणजे चाळीस तुकडे, म्हणजे ६४० फुलं, वर दहा टक्के तुटफूट, म्हणजे साधारण सातशे. हे पाच मिनिटांचं काम. 'भरपूर आणा' म्हणणारा आणि 'पुरतील' म्हणणारा या दोघांचंही तोंड त्यानं बंद होतं.

हातातल्या मध्यम गुच्छाला मोठ्या फुलांचे वीस-पंचवीस देठ आणि पानं पुरतात. टेबलावरच्या फुलांना एक घरगुती माप आहे. खुर्चीवर बसा, कोपर टेबलावर टेका, मूठ हनुवटीखाली घ्या. रचना मुठीच्या खाली राहिली तर समोरचा माणूस दिसतो. उंचच हवी तर देठ बारीक ठेवून फुलं साठ सेंटिमीटरच्या वर न्या. अधल्यामधल्या उंचीच्या फुलांवरून पाहुणे जेवणभर मान वाकडी करून बोलतात.

७. सजावटकाराशी बोलणं

आधी किती खर्च करायचा ते स्वतः ठरवा आणि आकडा लपवू नका. लपवल्यानं स्वस्त पडत नाही, फक्त चुकीच्या गोष्टी सुचवल्या जातात. जिथे कॅमेरा सर्वांत जास्त वेळ असतो तिथे पैसा घाला: दोघं उभे राहतात ती जागा आणि हातातली फुलं. जिन्याच्या कठड्याला बांधलेल्या माळा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

एक नमुना करून मागा. पूर्ण कमान नको, तिचा हातभर तुकडा पुरे. तो घरी आणून तेवढ्याच तासांसाठी तशाच उन्हात ठेवा. सजावटकार थोडा नाराज होईल. होऊ द्या.

लेखी काय हवं: ठरलेलं फूल न मिळाल्यास त्याच रंगाचं आणि त्याच कामाचं कोणतं फूल येईल, माणसं किती वाजता येतील, अंगावरची फुलं कुणाच्या हातात आणि कुठे पोचतील, सामान कोण काढून नेईल, भाड्याची भांडी फुटली तर काय. मी स्वतः एकदा 'पांढरी फुलं' एवढंच लिहून दिलं होतं आणि सगळा जिप्सोफिला आला. तक्रार तरी कशाची करणार, पांढरीच होती.

फोमबद्दल जरूर विचारा. फुलं खोचायचा तो हिरवा ठोकळा १९५४ साली अमेरिकेत तयार झाला आणि कामाला फार सोयीचा आहे, पण तो कुजत नाही, त्याचा बारीक प्लास्टिकचा चुरा होतो. त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी चुरगाळून भांड्यात बसवली तर देठ छान उभे राहतात आणि जाळी पुन्हा वापरता येते. उथळ भांड्याला जपानी पद्धतीचं केन्झान, म्हणजे देठ खोचायचं खिळ्यांचं बूड, उत्तम. फोम वापरायचाच असेल तर तो पाण्यावर नुसता सोडा, स्वतःच्या वजनानं बुडू द्या. हातानं दाबलात की मधोमध कोरडा राहतो आणि नेमकं तिथलं फूल मान टाकतं.

८. स्वतः करणार असाल तर

सगळं स्वतः करू नका. टेबलं स्वतः, कमान दुसऱ्याकडे, अशी वाटणी बरी. आणि लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीनं फुलांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

गुलाब दोन-तीन दिवस आधी आणा, म्हणजे उमलायला वेळ मिळतो. लिलीच्या कळ्या चार-पाच दिवस आधी. हायड्रेंजिया आदल्या दिवशी. हार-माळांची फुलं शक्य तितकी उशिरा.

फुलं घरात आली की पहिलं काम बादल्या साबणानं घासण्याचं. पाणी पिण्याच्या ग्लासात असतं तितकं स्वच्छ हवं, कारण देठाच्या नळ्या जंतूंनी बुजतात तेव्हाच फूल तहानेनं मरतं. पाण्याखाली येणारी पानं काढा. धारदार कात्रीनं किंवा सुरीनं देठ दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा आणि लगेच पाण्यात घाला. मध्ये फोन आला तर पुन्हा कापा. फुलांच्या दुकानात मिळणाऱ्या पुडीत साखर, पाणी आंबट करणारा पदार्थ आणि जंतुनाशक असतं, ती पाकिटावरच्या मापानं घाला. जरबेराचे देठ लवदार असतात, खोल पाण्यात सडतात, त्यांना चार बोटं पाणी पुरे. नार्सिससच्या देठातून चिकट रस येतो, तो इतर फुलांना बाधतो. त्यांना काही तास वेगळ्या बादलीत ठेवा आणि नंतर पुन्हा न कापता मिसळा. एवढं झालं की सगळ्या बादल्या गार, अंधाऱ्या खोलीत किमान चार तास, रात्रभर असेल तर उत्तम.

फ्रिजचा मोह आवरा. आतल्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन, ऑर्किड, जिप्सोफिला त्यानं अकाली मलूल होतात. सफरचंद, केळी, आंबा ज्या खोलीत आहेत तिथेही फुलं नकोत. ऑर्किड आणि अँथुरियम तर उष्ण प्रदेशातली, दहा अंशांखाली त्यांना गारठा बाधतो, डाग पडतात.

आता गुच्छ बांधणं. पहिला देठ डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत उभा धरा. दुसरा त्यावर तिरका, डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे. तिसरा पुन्हा त्याच तिरपेपणानं. प्रत्येक दोन-तीन देठांनंतर जुडगा मुठीतच थोडा फिरवायचा, दिशा कधी बदलायची नाही. पंधरा देठांनंतर खाली बघितलं तर देठ जिन्याच्या पायऱ्यांसारखे गोल वळलेले दिसतात. मूठ घट्ट आवळू नका, देठांना सरकायला जागा हवी. बांधायची जागा एकच, जिथे सगळे एकमेकांना छेदतात तिथे, सुतळीनं. शेपट्या एका पातळीत कापल्या आणि गुच्छ टेबलावर आपणहून उभा राहिला, तर जमलं. पहिल्या प्रयत्नात नाही जमत. आठवडाभर आधी स्वस्त फुलांवर सराव करा.

कोटावरच्या फुलासाठी फुलवाल्यांची हिरवी टेप मिळते. ती हाताला चिकटत नाही म्हणून पुष्कळ जण फेकून देतात. ती ताणल्यावरच तिच्यातलं मेण सुटतं आणि चिकटते. ताणत ताणत गोल फिरवायची.

९. लग्नाच्या दिवशी

एका माणसाला फक्त फुलांची जबाबदारी द्या. जवळच्या मैत्रिणीला किंवा भावाला नको, त्यांना फोटोत यायचं असतं. त्या माणसाच्या पिशवीत कात्री, सुतळी, टेप, डोकं असलेल्या लांब टाचण्या, सुती फडकं, पाण्याची फवारणी आणि दोन-चार जास्तीचे देठ हवेत. गुच्छ हातात नसेल तेव्हा कुठे उभा राहणार, ती पाण्याची बरणी आधीच नेमून ठेवा; हातात देण्यापूर्वी देठ पुसायला फडकं. कोटाचं फूल डाव्या बाजूला, टाचणी मागून टोचून देठातून आरपार आणि टोक परत कापडात, म्हणजे मिठीत टोचत नाही.

गुच्छ हरवतोसुद्धा. १९४७ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा गुच्छ ऐन फोटोच्या वेळी सापडेना, आणि शेवटी तसाच नवा करवून, पोशाख पुन्हा चढवून फोटो काढावे लागले. डायना यांच्यासाठी त्यामुळे एकसारखे दोन गुच्छ केले गेले. आपल्याला दोन करायची गरज नाही. कुणाच्या हातात दिला ते लक्षात ठेवलं की झालं.

पाकळ्या उधळायच्या असतील तर त्या कोरड्या असू द्या. ओल्या पाकळ्यांवरून फरशीवर पाय घसरतो आणि लाल पाकळी फिकट कापडावर रंग सोडते.

१०. नंतर

फुलांचं काम अर्ध्या दिवसात संपतं, आयुष्य नाही. कमानीवरचे झुबके काढून स्वागताच्या टेबलावर ठेवता येतात. तसं करायचं असेल तर ते आधीच सुटे, भांड्यासकट बांधून घ्या. विंडसरला २०१८ मध्ये झालेल्या हॅरी आणि मेगन यांच्या लग्नातली फुलं नंतर लहान गुच्छ बांधून हॉस्पिसमधल्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या, रुग्णांना दिली गेली. हे कुणालाही करता येतं, फक्त त्या संस्थेला आधी विचारा, कारण रुग्णांच्या काही खोल्यांत फुलं चालत नाहीत. खतात टाकण्याआधी तार, टाचण्या आणि रिबिनी काढा.

आठवण म्हणून ठेवायची असतील तर दुसऱ्याच दिवशी सुरुवात करा. चपटी फुलं जाड पुस्तकात कागदांमध्ये दोन ते चार आठवडे. गुलाब उलटे टांगून, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी दोन-तीन आठवडे. पूर्ण पक्व झालेल्या हायड्रेंजियाला मात्र टांगत नाहीत. फुलदाणीत दोन बोटं पाणी घालून विसरून जायचं. पाणी हळूहळू आटतं आणि फूल उभ्याउभ्या वाळतं.

मैत्रिणीनं तेच केलं होतं. तिच्या कपाटावर तो गुच्छ अजून आहे, निळा जाऊन आता करडा-हिरवा झालाय, पण एक पाकळी पडलेली नाही. शेजारी लग्नाचा फोटो आहे, त्यात तो लोळतोय.